आईचा हिरवा मंगळवार

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझी नात नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात शाळेतून आली ती रडतच. कारण काय, तर बाईंनी फळ्यावर ५ हा आकडा निळ्या खडूने लिहिला. "आजी, पाच लाल असतो गं!" माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. कारण माझी आई असंच बोलायची. तिचा मंगळवार कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा होता आणि शनिवार दुधावरच्या सायीच्या रंगाचा. सासरची माणसं तिला भ्रमिष्ट म्हणायची. मी पोटात असताना तिला देवऋष्याकडे नेलं, अंगारे लावले. पुढे तालुक्याच्या एका डॉक्टरांनी "नसा कमकुवत आहेत" म्हणून टॉनिक दिलं. तेव्हापासून तिने हा विषय काढायचंच सोडलं. शेवटच्या आजारपणात एका रात्री म्हणाली, "बुधवारचा रंग सांगू का तुला?" मी दमलेली होते. म्हटलं, "आई, झोप आता." आठ दिवसांनी ती गेली.

मुलगा म्हणतो, याला सिनेस्थेशिया म्हणतात. आईला वेडाची छटा होती का, आणि ती आता नातीत उतरली आहे का, एवढं सांगा. आणि जुन्या काळी जगात अशा माणसांना काय समजत होते? माझा भाऊ म्हणतो, आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर शास्त्रात सात स्वरांना रंग सांगितलेत. हे खरं का?

– एक आजी, कराड

उत्तर:

ताई,

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या मनात शिरणार नाही. तुमच्या आईंना वेड नव्हतं. वेडाची छटाही नव्हती. काही माणसांची घडणच अशी असते की एका इंद्रियाला काही जाणवलं की दुसऱ्याचीही जाणीव आपोआप सोबत येते. कुणाला आवाजाबरोबर रंग दिसतो, कुणाला शब्दाची चव लागते, कुणाच्या मनात अक्षरं, आकडे आणि वार आपापला रंग घेऊनच येतात. ठरवून येत नाहीत आणि घालवूनही जात नाहीत. शंभरात चारेक माणसांत याचा कोणता ना कोणता प्रकार असतो, असं अलीकडच्या पाहण्या सांगतात. तो घराण्यात चालतो, म्हणून नातीत उतरलाय हे नवल नाही. उतरलं आहे ते हे, आजार नव्हे.

तुम्ही ओघात लिहून गेलात की आईंचा मंगळवार हिरवा होता. मला तुमच्या पत्रात सगळ्यांत मोलाचं तेच वाटलं. मंगळ तांबडा, गुरू पिवळा, शनी काळा हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. आई ऐकीव सांगत असत्या, तर मंगळवार लाल आणि शनिवार काळा झाला असता. नऊ ग्रहांचे रंग माहीत असलेल्या घरात राहून ज्या बाईला मंगळवार कैरीचा आणि शनिवार सायीचा दिसतो, ती स्वतःचं काहीतरी सांगत असते. भावाच्या मुद्द्यावर येऊ तेव्हा ही कैरी पुन्हा लागेल.

आता इतिहास. तो मी एका तरुण डॉक्टरपासून सुरू करते, कारण हे ज्याने स्वतःबद्दल नीट लिहून ठेवलं असा आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस तोच. गेऑर्ग टोबियास लुडविग झाक्स त्याचं नाव. आजच्या ऑस्ट्रियातल्या केर्न्टन भागात १७८६ साली जन्मला. तो आणि त्याची धाकटी बहीण दोघंही अंगात रंगद्रव्य नसलेली: पांढरे केस, पांढरी कातडी. आज आपण त्याला अल्बिनिझम म्हणतो. १८१२ साली एर्लांगेनच्या विद्यापीठात वैद्यकीच्या पदवीसाठी त्याने लॅटिनमध्ये प्रबंध दिला, आणि विषय घेतला स्वतःचा आणि बहिणीचा. बारकाईने पाहणारी माणसं आयुष्यभर अवतीभवती असली की आपणच आपल्याला पाहून लिहावंसं वाटत असेल.

त्या प्रबंधात दृष्टीविषयी लिहिता लिहिता मध्येच काही परिच्छेद येतात, ज्यांचा पांढऱ्या केसांशी काही संबंध नाही. तो सांगतो, ज्या गोष्टींची एक साधी ओळ लागते, त्या मनात रंग घेऊन येतात. कोणत्या गोष्टी, तेही त्याने दिलंय: आकडे, मुळाक्षरं, संगीतातले स्वर, इतिहासाचे कालखंड, माणसाच्या आयुष्याचे टप्पे. आणि ताई, आठवड्याचे वार. या गोष्टी जणू काळोख्या पोकळीत एकामागून एक उभ्या राहतात, त्यांना धड आकार नसतो, पण रंग वेगवेगळे असतात. A आणि E त्याला लाल, एक शेंदराकडे झुकणारा, दुसरा गुलाबीकडे. I पांढरा, O नारिंगी, D पिवळा.

तुमच्या आई "कच्च्या कैरीच्या सालीसारखा" म्हणाल्या, नुसतं हिरवा म्हणून थांबल्या नाहीत. झाक्सही नुसतं लाल म्हणून थांबत नाही, कोणता लाल ते सांगतो. या माणसांचं बोलणं तिथेच ओळखू येतं. छटा बरोबर सांगता आली नाही तर ती चुटपुटतात. नातीला निळा ५ सोसवला नाही तो त्यातलाच प्रकार.

झाक्स १८१४ मध्ये गेला. तिशीसुद्धा गाठली नाही. पुढे १८२४ साली त्याच्या प्रबंधाचं जर्मन भाषांतर निघालं, तेही अल्बिनिझमच्या अभ्यासकांसाठी. रंगांचे ते परिच्छेद तसेच पडून राहिले.

झाक्सच्या आधी काय होतं? युरोपात स्वर आणि रंग यांचं नातं जोडायचा नाद फार जुना. ॲरिस्टॉटलने सुचवलं होतं की डोळ्यांना गोड वाटणारे रंग हे जुळणाऱ्या स्वरांसारखे सोप्या प्रमाणात मिसळलेले असावेत. न्यूटनने १७०४ च्या ग्रंथात प्रकाशाचे सात पट्टे सप्तकाच्या अंतरांशी जुळवले. लुई बर्त्राँ कास्तेल या फ्रेंच पाद्रीने १७२५ साली डोळ्यांसाठी वाजवायच्या वाद्याची कल्पना मांडली: पट्टी दाबली की रंग दिसावा. ही सगळी विचाराने केलेली मांडणी होती. "मला असं दिसतं" असं यातलं कुणी म्हणत नव्हतं. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाच्या १६९० च्या ग्रंथात एक अंध माणूस येतो. पुष्कळ विचार करून तो म्हणतो, किरमिजी रंग म्हणजे कर्ण्याच्या आवाजासारखा असावा. बऱ्याच ठिकाणी हाच माणूस सिनेस्थेशियाची पहिली नोंद म्हणून दाखवतात. मला ते पटत नाही. तो बिचारा कधीच न पाहिलेल्या गोष्टीचा अंदाज बांधत होता आणि लॉकने त्याचं उदाहरण दिलं ते असा अंदाज फुकट असतो हे दाखवायला.

आणि म्हणून तुमच्या भावाचा मुद्दा. भाऊ म्हणतात ते निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं फार सुंदर आहे. नारदीय शिक्षा या स्वरोच्चाराच्या जुन्या ग्रंथात सात स्वरांचे रंग खरोखर आहेत: षड्ज कमळाच्या पाकळीसारखा, ऋषभ पोपटी झाक असलेला, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषादात सगळेच रंग. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने हीच परंपरा आपल्या संगीतग्रंथात पुढे नेली. तो यादव राजा सिंघणाच्या पदरी होता, म्हणजे आपल्या देवगिरीला. नाट्यशास्त्रात रसांनाही रंग दिलेत: शृंगार श्याम, हास्य पांढरं, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, अद्भुत पिवळा.

पण इथे ती कैरी आठवा. हे रंग सगळ्यांना सारखे आहेत. गुरूने शिष्याला सांगायचे, शिष्याने पाठ करायचे. स्वराला जसा रंग, तशी त्याच ग्रंथांत देवता आहे, पशुपक्ष्याचा आवाज आहे. विश्वातल्या गोष्टी एकमेकींशी बांधून ठेवायची ती व्यवस्था होती. सिनेस्थेशियाची खूण नेमकी उलटी. दोन माणसांचे रंग जुळत नाहीत, सख्ख्या बहिणीभावांचेही नाहीत. कुणाचा पंचम तपकिरी असेल तर त्याला ग्रंथातला काळा पंचम पाठ होईल, पटणार नाही. त्या परंपरेतल्या एखाद्या गायकाला आतून खरंच रंग दिसत असतील का? असतीलही. माणसं तेव्हाही अशीच घडत होती. पण त्या याद्या त्याचा पुरावा होत नाहीत. पूर्वजांना थोर ठरवण्यासाठी त्यांच्या तोंडी ते न बोललेलं घालायची गरज नाही.

जे ते बोललेत तेच पाहा ना. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी माउली मराठी बोलाची गोडी सांगतात, तिथे "श्रवणींचि होति जिभा" असे शब्द आहेत. बोल इतका रसाळ की कानांना जिभा फुटतात आणि इंद्रियांचं आपापसांत भांडण लागतं. शब्द खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला वाटतं हा आमचा सुगंध, डोळे म्हणतात ही तर रूपाची खाण उघडली. हे १२९० सालचं. हे काव्य आहे, कुणाच्या मेंदूचं वर्णन नव्हे, आणि मी त्याला तसंच ठेवीन. पण ज्या भाषेत इंद्रियं सातशे वर्षांपूर्वी अशी भांडलीत, त्याच भाषेत आई बोलत होत्या. त्यांचं बोलणं घराला इतकं परकं का वाटलं, याची मला हळहळ वाटते.

पुन्हा युरोपात जाऊ, कारण आईंना चिकटलेला शब्द तिकडेही होता. १८४८ साली एदुआर कोर्नाझ या स्विस डॉक्टरने डोळ्यांच्या जन्मजात दोषांवर लिहिलं. त्यात झाक्ससारख्यांचं दिसणं त्याने दोष म्हणूनच बसवलं. रंगांध माणसाला रंग कमी दिसतात, तर यांना जास्त दिसतात, म्हणजे हा उलट्या बाजूचा नेत्रविकार! हा माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे डोळ्यांच्या रोगांचं कपाट होतं, त्यातल्या एका खणात त्याने ही गोष्ट ठेवली. देवऋष्याकडे बाधेचा खण होता, तुमच्या डॉक्टरांकडे कमकुवत नसांचा. ज्याच्याकडे जो खण, त्यात तो ठेवतो.

खरा घाव बसला तो १८९२ मध्ये. तोवर आर्तूर रँबो या फ्रेंच कवीची स्वराक्षरांना रंग देणारी कविता छापून गाजली होती आणि पॅरिसच्या कवींत रंगीत आवाजांचं खूळ आलं होतं. कुणाला खरंच दिसतं आणि कोण सोंग करतं, हे कळेनासं झालं. मॅक्स नॉर्डाऊ नावाच्या डॉक्टर-लेखकाने त्या काळच्या कलावंतांना अध:पतित ठरवणारा ग्रंथ लिहिला, त्यात इंद्रियांची सरमिसळ ही त्याने ऱ्हासाची खूण ठरवली. माणूस उन्नतीवरून घसरून शिंपल्यातल्या जिवासारखा होतोय, असं त्याने छापलं. तो ग्रंथ युरोपभर वाचला गेला. सासरच्यांनी त्याचं नावही ऐकलं नसणार, पण "भ्रमिष्ट" म्हणणारी जीभ आणि ते पुस्तक लिहिणारा हात, दोघांची भीती एकच होती. आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, हे माणसाला सोसत नाही.

पण आता ऐका, ताई, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच, १८८१ मध्ये, झुरिकच्या दोघा तरुणांनी खणाबिणांचा विचार बाजूला ठेवून सरळ माणसांना विचारलं होतं. ऑयगेन ब्लॉयलर आणि कार्ल लेमान, दोघेही वैद्यकीचे विद्यार्थी. सुरुवात झाली ती रसायनशास्त्राच्या गप्पांतून. केटोन हे द्रव्य दिसतं कसं, असा प्रश्न निघाला. ब्लॉयलर पटकन म्हणाला, पिवळं, कारण त्या शब्दात ओ आहे. लेमान चक्रावला. ब्लॉयलरला मात्र यात चक्रावण्यासारखं काय ते कळेना, त्याच्यासाठी ओ पिवळाच होता. मग दोघांनी ५९६ माणसांना विचारलं. त्यांतल्या ७६ जणांना आवाजाबरोबर रंग किंवा उजेड जाणवत होता. घराण्यात तो कसा चालतो हेही त्यांनी पाहिलं. आणि याचा मनाच्या आजाराशी काही संबंध नाही, असा निष्कर्ष काढला.

हा ब्लॉयलर पुढे कोण झाला माहीत आहे? १९०८ साली स्किझोफ्रेनिया हा शब्द जगाला देणारा मानसोपचारतज्ज्ञ तोच. मनाचा आजार म्हणजे काय हे ज्याने आयुष्यभर रुग्णांजवळ बसून पाहिलं, त्याला स्वतःला ओ पिवळा दिसत होता, आणि ते आजारपण नव्हे हे त्याला आतून-बाहेरून ठाऊक होतं. तुमच्या आईंबद्दल याहून अधिकाराने कुणी साक्ष द्यावी असं मला वाटत नाही.

त्याच सुमाराला इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन हा शास्त्रज्ञ पत्रं पाठवून लोकांना विचारत होता, आकडे मनात कसे दिसतात. त्याच्या इतर कितीतरी कल्पनांबद्दल मला आदर नाही, निवडक माणसांनीच वंश वाढवावा या त्याच्या सुप्रजननाच्या कल्पनेच्या नावाखाली पुढे फार वाईट गोष्टी झाल्या. पण एक गोष्ट त्याने नेमकी टिपली: या माणसांना आधी वाटतं, सगळ्यांनाच असं दिसत असणार. मग कुणीतरी हसतं, आणि तेव्हापासून ती बोलत नाहीत. अमेरिकेत मेरी व्हिटन कॉल्किन्स या प्राध्यापिकेने १८९० च्या दशकात वेल्सली या बायकांच्या कॉलेजात पाहण्या घेतल्या आणि सिनेस्थेशिया हा शब्द याच अर्थाने वापरला. त्याआधी १८६६ मध्ये वुल्पियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तोच शब्द वेगळ्याच गोष्टीसाठी योजला होता: लखलखीत उजेडाने शिंक यावी, कानात काडी घातली की खोकला यावा, तसल्या सोबतीच्या संवेदनांसाठी.

मग हे ज्ञान तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत का आलं नाही? कारण मध्ये ते जगातच मागे पडलं होतं. १९१३ पासून मानसशास्त्रात नवं वारं शिरलं: बाहेरून दिसेल, मोजता येईल तेवढंच शास्त्र. माणूस "मला असं दिसतं" म्हणाला तर ते धरायचं नाही. तुमच्या आई गप्प झाल्या त्या काळात लंडन-न्यूयॉर्कलाही फार कुणी त्यांचं ऐकून घेतलं नसतं. म्हणून त्या डॉक्टरांना फार दोष देऊ नका. देवऋष्याकडे नेणाऱ्यांनाही आता सोडून द्या, जमलं तर. विषय पुन्हा उघडला तो १९८० च्या दशकात, तोही अगदी घरगुती वाटावा अशा युक्तीने. शब्दांचे रंग लिहून घ्यायचे, वही मिटायची, आणि बऱ्याच काळाने, न सांगता, तेच पुन्हा विचारायचं. बनवून सांगणारा चुकतो. यांचे रंग तसेच्या तसे येतात.

आता नातीचं. तिला डॉक्टरकडे नेऊ नका. हे लहानपणापासून असेल आणि त्रास नसेल तर उपचाराचं काहीच नाही. मोठेपणी एकाएकी, डोक्याला मार लागल्यावर, किंवा फिटबरोबर असं दिसू लागलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर जावं. वर्गाच्या बाईंना एक चिठ्ठी द्या: आमच्या मुलीला आकड्यांना रंग दिसतात, ती हट्ट करत नाही, तिच्यापुरतं पांढऱ्या खडूने लिहिलं तरी पुरे. गणितात अडली तर कुठे रंग आडवे येतात ते तिलाच विचारा, ती सांगेल. पाहुण्यांसमोर "सांग बरं, ८ कोणत्या रंगाचा?" असं मात्र कधीही करू नका. पणजीला हसून गप्प केलं, नातीला कौतुकाने गप्प कराल. "देवाची देणगी" म्हणून डोक्यावरही घेऊ नका. तिला ते घारे डोळे असल्याइतकं साधं वाटू द्या.

आणि पणजीबद्दल तिला सांगा. मात्र पणजीचा मंगळवार हिरवा, म्हणून तुझाही हिरवाच असेल, असं सुचवू नका. बहुतेक वेगळा असेल, आणि ती तो ठामपणे सांगेल.

शेवटच्या रात्रीचं राहिलं. आईंनी उभ्या आयुष्यात ज्या गोष्टीपायी अंगारे आणि टॉनिक सोसलं, ती गोष्ट त्या रात्री त्यांनी पुन्हा उघडली, आणि तीही तुमच्यापाशी. दमलेल्या लेकीने "झोप आता" म्हटलं म्हणून त्यांचा तुमच्यावरचा भरवसा उणा झाला असेल असं मला वाटत नाही. तुम्ही रात्र-रात्र उशाशी होतात, म्हणूनच त्यांना विचारावंसं वाटलं.

एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर आजची तारीख घालून आईंचे आठवतील तेवढे वार लिहा, त्यांच्याच शब्दांत: कैरी, साय, आणखी जे आठवेल ते. दुसरं पान नातीला द्या. पहिल्या पानावर बुधवारची ओळ मोकळी सोडा आणि भावाला फोन करा. स्वरांच्या रंगांचं त्यांना इतकं आहे, तर लहानपणी आईच्या मांडीवर पाढे म्हणताना त्यांच्या कानावर काहीतरी पडलं असणार. बुधवारचं त्यांना विचारा.